जायफळच्या हिरड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शोधपथकाचे प्रमुख साहेब, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, व्यासपीठावरचे उपप्रमुख, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सगळ्यांचे उस्ताद, पहिल्या रांगेत रुमाल हातात धरून बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पथकातले सर्व प्रशिक्षक, चालक, स्वयंपाकघर सांभाळणारे काका, जमलेली सगळी कुटुंबं आणि अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी ताठ बसलेला जायफळ, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला सांगितलंय की डॉक्टर, दोनच शब्द बोला आणि गोड बोला. मी तयारीही तशीच केली होती. उस्तादांच्या शिस्तीबद्दल चार चांगली वाक्यं लिहून आणली होती. पण मघाशी अध्यक्षांचं भाषण झालं आणि माझा तो कागद पर्समध्ये गेला तो गेलाच. आता जे बोलणार आहे ते न लिहिता बोलणार आहे. तेव्हा इकडचं तिकडे होईल, सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच एक विनंती. उस्ताद, त्याला आडवं व्हायला सांगता का? समारंभ सुरू होताना कुणीतरी त्याला ‘बस’ म्हणालं, तेव्हापासून तो बसलाय. पोटावरचे टाके निघून फार दिवस झालेले नाहीत. तुमची सगळ्यांची भाषणं होईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते. भाषणं छान झाली असतील, मला एकही आठवत नाही. हां, झाला आडवा. आभारी आहे.

आता अध्यक्ष काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत आणि टाळ्याही वाजवल्यात. साहेब म्हणाले, उस्ताद आज निवृत्त होतायत, पण जायफळ मात्र आपल्यातच राहील. तो आपल्या फाटकाची शोभा वाढवेल, येणाऱ्या पाहुण्यांना सलामी देईल. आणि पुढे म्हणाले, जबर दुखापत झालेली असतानाही ज्यानं हूं की चूं न करता प्रत्येक हुकूम पाळला, त्या सहनशीलतेचा आदर्श नव्या कुत्र्यांसमोर आणि नव्या प्रशिक्षकांसमोरही राहील. केवढ्या टाळ्या पडल्या! मी वाजवल्या नाहीत. शेजारी उपप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना वाटलं असेल बाईंची तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत आहे. डोकं तापलंय.

का तापलंय, ते सांगते. पाहुण्यांना आणि घरच्या मंडळींना त्या दिवशी नक्की काय झालं हे माहीत नाही. आणि ज्यांना माहीत आहे ते आता ती गोष्ट शौर्यकथेसारखी सांगायला लागलेत.

ज्यांनी जायफळला आजच पहिल्यांदा बघितलं त्यांच्यासाठी सांगते, हे नाव आमच्या स्वयंपाकघरातल्या काकांनी ठेवलंय. पथकात येणाऱ्या प्रत्येक पिल्लाचं नाव ते आपल्या मसाल्याच्या डब्यातून काढतात. जायफळानं झोप येते म्हणतात. या जायफळानं आयुष्यभर दुसऱ्यांची झोप उडवली. पडलेल्या इमारती, दरडी, जंगलं, काही सोडलं नाही त्यानं. आजच्या प्रमुख पाहुण्या इथे आहेत त्याही त्याच्यामुळेच. त्यांचे वडील वाट चुकून जंगलात गेले होते, तेव्हा ओढ्याकाठी त्यांना शोधून काढलं ते यानंच. आता म्हातारा झालाय. तोंड पांढरं झालंय, मागचे पाय कुरकुरतात. तरी सरावाला जायचा. कारण उस्ताद जायचे.

सरावाला आपल्या मागच्या मैदानात तो विटा-सिमेंटचा ढिगारा रचलेला आहे. त्या सकाळी त्यावर चढताना एक फरशी सरकली आणि जायफळ कुशीवर पडला. खाली लोखंडी पाइप होता. पडला आणि लगेच उठला. अंग झाडलं, उस्तादांकडे बघितलं. रक्ताचा थेंब नाही, लंगडणं नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता पुढचं नीट ऐका. कुत्रा पडला, त्याला कुठे लागलंय का, हे बघायचं होतं. आपल्या लोकांनी ते कसं बघितलं? हुकूम देऊन! ‘बस’ म्हटलं, बसला. ‘ऊठ’ म्हटलं, उठला. ‘बोल’ म्हटलं, भुंकला. झालं! साहेबांनी जाहीर केलं, कुत्रा फिट आहे. दुपारी बाहेरचे पाहुणे प्रात्यक्षिक बघायला येणार होते, त्यात जायफळ असणारच होता.

अहो, दुसऱ्या कुठल्याही घरातला कुत्रा असता तर बिछान्याखाली जाऊन बसला असता. बोलावून आला नसता. घरातली आजी म्हणाली असती, याला काहीतरी झालंय, दवाखान्यात न्या. म्हणजे ज्यांना कुत्र्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यांना कळलं असतं. आणि तुम्ही, ज्यांचं पोटपाणीच कुत्र्यांवर आहे, तुम्हाला कळलं नाही. कारण तुम्ही इतकी वर्षं घालवून त्याला शिकवलंत काय? की दुखलं तरी थांबायचं नाही, आवाज करायचा नाही, सांगितलेलं करायचं. आणि मग त्यालाच विचारताय, बाबा रे, दुखतंय का? तो काय सांगणार? तो बसला! तुम्ही ‘बस’ म्हणालात म्हणून बसला!

साहेबांनी मला फोन केला. म्हणाले, “डॉक्टर, काळजीचं कारण नाही, नुसतं कळवून ठेवतोय. जायफळ पडला, पण एकदम ओके आहे.”

मी म्हटलं, “हिरड्या कशा आहेत?”

“हिरड्या? अहो, तो तोंडावर नाही पडला. दात सगळे जागच्या जागी आहेत.”

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, “साहेब, दात नाही विचारत. श्वास कसा चाललाय?”

“धापा टाकतोय जरा. वय झालंय ना आता.”

“काही खाल्लं?”

“हो तर! ‘खा’ म्हटल्याबरोबर खाल्लं. पाणीसुद्धा प्यायला.”

‘खा’ म्हटल्याबरोबर! आता पाहुण्यांना माहीत नसेल, पथकातला कुत्रा सांगितल्याशिवाय ताटाला तोंड लावत नाही, आणि सांगितलं की लावतो. भूक असो नसो. म्हणजे ज्या एका गोष्टीवरून जगभरातले लोक कुत्रा बरा की आजारी ओळखतात, तीही आपण शिस्तीत बसवून टाकली. वर त्याचं पोट भरून ठेवलं. पुढे भूल द्यायची वेळ आली तेव्हा त्या भरल्या पोटानं माझे हाल केले, ते वेगळंच.

मागून उपप्रमुखांचा आवाज आला, “माझ्याकडे अंगदुखीची गोळी आहे, अर्धी देऊन टाकू का?” मी फोनवर ओरडले. उपप्रमुख, त्या दिवशी मी तुम्हाला जे काही बोलले त्याबद्दल इथे सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त करते. पण गोळीबद्दल नाही. माणसाची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. आतून रक्त जात असेल तर ती गोळी ते आणखी वाढवते. हे मी इथे पूर्वीही सांगितलंय आणि मला सांगून सांगून वीट आलाय.

मग मी म्हटलं, फोन उस्तादांना द्या. उस्तादांना म्हटलं, “आता त्याला एकही हुकूम देऊ नका. ‘मोकळा’ म्हणा, आणि लांब जाऊन उभे राहा. काय करतो ते मला सांगा.”

‘मोकळा’ म्हणजे सुट्टी. काम संपलं, आता तुझं तू बघ. हा शब्द ऐकला की जायफळ काय करतो? सांगेल कुणी? साहेबांच्या ऑफिसच्या दारातल्या पायपुसण्यावर जाऊन पाठ घासतो. चारी पाय वर करून. साहेबांनी पायपुसणी बदलून पाहिली, त्याला कुठलंही चालतं.

उस्ताद ‘मोकळा’ म्हणाले आणि लांब गेले. मग उस्तादांचा आवाज आला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. म्हणाले, “बाई, तो कुठेच जात नाहीये. नुसता उभा आहे. मान खाली घातलीये. बसत पण नाही, आडवा पण होत नाही.”

मी म्हटलं, “वरचा ओठ उचला. हिरडी बघा. काय रंग आहे?”

“पांढरी आहे.”

“अंगठ्यानं दाबा आणि सोडा. गुलाबी होते का?”

“नाही हो बाई. पांढरीच आहे. आणि कान गार लागतायत.”

“पोट?”

“टणक. फुगल्यासारखं.”

कुत्र्याच्या पोटात एक अवयव असतो, प्लीहा म्हणतात त्याला. मार बसला की तो फाटतो, आणि रक्त आतल्या आत साठत जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही. तरणा कुत्रा थोडा तग धरतो. म्हाताऱ्याकडे तेवढं भांडवल नसतं. अशा वेळी थोडा वेळ वाट बघू, विश्रांती घेऊ दे, उद्या सकाळी बघू, हे बोलणं म्हणजे त्याला मारणं आहे. मी हे जरा कठोर बोलतेय, मला माहीत आहे. पण मऊ शब्दांत सांगून कुणी ऐकतच नाही!

आणि तेच बोलणं झालं. उस्तादांच्या शेजारून साहेब म्हणाले, “पाहुणे वाटेतच आहेत. प्रात्यक्षिक उरकलं की लगेच पाठवतो. तसाही तो फक्त सलामी देणार आहे.” साहेब, तुमचा मान राखून सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “तो सलामी देईल, साहेब. ‘सलाम’ म्हणालात की देईल. आणि तिथेच कोसळेल.”

पुढे साहेब काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण फोन उस्तादांच्याच हातात होता आणि उस्तादांनी तो खिशात टाकला होता. त्यांनी एक रुंद लाकडी फळा उचलला, त्यावर घोंगडी टाकली, जायफळला त्यावर सपाट निजवलं आणि चालकाला म्हणाले, गाडी काढ. कुणाची परवानगी घेतली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत परवानगी न घेता केलेलं हे त्यांचं पहिलं काम असावं. मघाशी सगळ्यांनी त्यांच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक केलं. मी या एका गोष्टीचं करते.

गाडीत काय झालं माहितीये? पथकाच्या गाडीत कुत्र्यानं ताठ बसायचं, अशी शिस्त आहे. हा पठ्ठ्या पोटात रक्त साठलेलं असताना फळ्यावरून उठून बसायला बघत होता. उस्ताद सगळा रस्ता त्याला दोन्ही हातांनी दाबून धरून बसले होते आणि एकच सांगत होते, “नको रे, नको रे राजा, पडून राहा.” चालकानं मला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले. आणि त्याबरोबर रागही आला. एका जिवाला मरतानाही आराम करायला परवानगी लागते, असं का करून ठेवलं आपण त्याला?

शस्त्रक्रिया झाली. पोट उघडलं तर आत नुसतं रक्त. इथल्याच लवंगचं रक्त त्याला दिलं. लवंग, तू मागे खिडकीत बसून शेपूट हलवतेयस, तुझाही सत्कार व्हायला हवा होता, पण तुला कोण विचारतो! थोडक्यात वाचला. अगदी थोडक्यात.

आणि आता या सगळ्याला ‘सहनशीलता’ म्हणून हार घालताय? ती सहनशीलता नाही हो. त्याला सांगायचंच होतं, आपल्याला ऐकू आलं नाही. मान खाली घालून उभा होता, ते सांगणंच होतं. धापा टाकत होता, तेही सांगणंच होतं. आपण म्हणालो, वय झालंय. काहीही झालं की वय! उठत नाही, वय झालं. जेवत नाही, वय झालं. अहो, वयानं केस पांढरे होतात. माझे बघा. हिरड्या पांढऱ्या होत नाहीत!

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण सूत्रसंचालक घड्याळाकडे बघायला लागलेत. बघा, बघा, मी थांबणार नाहीये.

जायफळला इथेच ठेवायचं ठरतंय. मला एवढंच सांगा, पुढच्या वेळी त्याला काही झालं तर ओळखणार कोण? या वयात पुन्हा होणार. मणका धरेल, पोट फुगेल, रात्रीतून मागचे पाय जातील. तो सांगणार नाही. फाटकावर उभा राहील आणि सलामी देत राहील. त्याला कुणी काही सांगत नाही तेव्हा जायफळ कसा असतो, कुठे झोपतो, कुठल्या कुशीवर वळतो, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा.

काका, तुमचा अर्धाच वर आहे. बरं. बाकी कुणी? साहेब?

उस्ताद, तुम्ही हात का नाही वर केलात? काय म्हणताय? मागे ऐकू गेलं नसेल. ते म्हणतायत, “मला विचारलंय असं वाटलं नाही, बाई.”

बघितलंत? हे असं आहे! वहिनी, तुम्ही कसा संसार केलात यांच्याशी!

मग आता तुम्हालाच विचारते, उस्ताद. जायफळ घरी न्यावा, असं तुम्ही साहेबांना कधी म्हणालात का? नाही म्हणालात. कारण तसा नियम नाही. कारण कुणी विचारलं नाही. वहिनींनी मागच्या खोलीत त्याच्यासाठी गादी घालून ठेवलीये, हे मला त्यांनी काल दवाखान्यात सांगितलं आणि वर बजावलं की यांना बोलू नका. वहिनी, माफ करा, बोलले. उस्ताद, साहेबांकडे बघू नका. माझ्याकडे बघा. जायफळ घरी हवाय का तुम्हाला?

...घ्या, पाणी घ्या. काही घाई नाही.

“हवाय,” म्हणाले. एवढंच म्हणाले, पण म्हणाले.

अध्यक्ष महोदय, मी तुम्हाला व्यासपीठावर, पाहुण्यांसमोर कोंडीत पकडतेय, याची मला पूर्ण जाणीव आहे. खासगीत मी तीनदा येऊन गेले. तुम्ही चहा पाजलात आणि बघू म्हणालात. म्हणून आज इथे बोलतेय. फाटकावर तुम्हाला शोभा हवी असेल तर कुंड्या ठेवा. मी आणून देते. पण ज्या एकाच माणसाला या कुत्र्याचं दुखणं न सांगता कळतं, तो माणूस आज निघून जातोय. त्याच्यामागे हा इथे राहिला, तर पुढच्या वेळी मला फोनसुद्धा येणार नाही. एक डॉक्टर म्हणून मी सांगते, याला इथे ठेवायला माझी परवानगी नाही. हो किंवा नाही, माइकवर सांगा.

काय म्हणालात? “बाई, तुम्ही फार अडचणीत आणता.” आणते, साहेब. पुढे?

“घेऊन जा, उस्ताद.”

आता वाजवा टाळ्या. आता मीही वाजवते. नाही, नाही, उस्ताद, उभं राहून सॅल्यूट करू नका, बसा. वहिनी, तुम्ही वर या पाहू. रडा खुशाल, इथे सगळी आपलीच माणसं आहेत.

साहेब, मनापासून आभार. मी आत्ता तुमच्याबद्दल बरंच बोलले, पण लोकांसमोर माघार घ्यायला छाती लागते, तीही तुमच्याकडे आहे हे आज दिसलं. प्रमुख पाहुण्यांचे, संयोजकांचे, शांतपणे ऐकून घेणाऱ्या सगळ्या मंडळींचे आभार. निरोपाच्या प्रसंगी गोड बोलायचं असतं, ते मला जमलं नाही. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आवाज चढला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि घरी गेल्यावर आपापल्या कुत्र्याचा ओठ उचलून निरोगी हिरडी कशी गुलाबी असते ते एकदा बघून ठेवा, एवढं माझ्यासाठी करा.

आणखी एकच. गाडी दाराशी लावलीये, पण या व्यासपीठाच्या पायऱ्या उंच आहेत. उस्ताद, तुम्ही पुढून धरा, चालक मागून धरेल. त्याला उचलून न्या. कुणीही त्याला ‘उतर’ म्हणू नका. तो उतरेल.